माशी

वडशाच्या फाटकाजवळ माझं दुकान. ट्रान्झिस्टर, टेप, लग्नाचे भोंगे.
उन्हाळ्यात नुसत्या माशा मारायच्या,
दिवाळी सरली की मान वर करायला फुरसत नाही,
नाटक कंपन्यांचा हंगाम.

वारलूजी कोसरे सायकलच्या दांड्याला बांधून ते घेऊन आले.
गिटारीसारखं दिसणारं, गिटार नसलेलं.
लाल रंग आटलेल्या बोडीच्या तळासारखा तडकलेला,
आणि वरच्या अंगाला तेरा बारक्या तारा
ज्यांना वाजवणारा सहसा हातच लावत नाही.
"इलेक्ट्रिक सितार," ते म्हणाले, जरा लाजून.
कामठीचा कुठला ऑर्केस्ट्रा बुडाला तेव्हा
चार पोती चिन्नोर देऊन आणलेली.
"आवाज बसला गा. पाहून दे."

पाहिलं. दोन जोडण्या सुटलेल्या, एका बटणात कोळ्याचं घर.
डाग दिला, अॅम्प्लिफायरला लावली, तार छेडली
आणि ऐकली ती झणझण,
प्रत्येक सुराच्या शेपटीला चिकटलेली,
मोहरी पडायच्या आधी कढईत तेल बोलतं तशी.
मी आयटीआयचा पहिला नंबर.
घोडी रुंद, सपाट; तार तिच्यावर निजलेली, घासणारी.
दोष सापडला.
कानशीनं घोडीला धार आणली,
तार एका टोकावर उभी केली.
आवाज स्वच्छ. धुतलेल्या स्टीलच्या ग्लासासारखा.
दहा रुपये जास्त लावले.

त्या रात्री कुरुडला प्रयोग होता, मीही गेलो.
कापलेल्या बांधीत तणसावर बारदाने,
शंकरपटाची धूळ अजून दिव्याभोवती,
कानाला दुपट्टे बांधून सारं गाव.
तिसऱ्या अंकात मेलेल्या भावाचं पत्र येतं.
पंधरा वर्षं ते पत्र वारलूजींच्या सितारीवरून यायचं,
एकच सूर, ओढलेला, अंगात काहीतरी भणभणणारा,
आणि पाकीट फुटायच्या आधीच बाया पदर शोधायच्या.
त्या रात्री सूर आला आणि गेला.
पत्र वाचलं गेलं,
सोसायटीची नोटीस वाचावी तसं.
मागून एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली,
"आज माशी कोठी गेली गा?"

पहाटे वारलूजी दुकानाच्या पायरीवर बसलेले.
रागावले नव्हते. तोंडावरचा पावडर तसाच,
एका प्रवेशात शिपायाचं कामही करायचे.
"तू नीट केलास," ते म्हणाले. "आता बिघडवून दे."

नीट करायला एक दुपार लागली होती.
बिघडवायला अकरा दिवस लागले.
सागवान बसवून पाहिलं, बांबू, डब्याचं झाकण;
शेवटी माझ्या बायकोची, पर्बताची,
दात गेलेली शिंगाची फणी.
तासायची, तारेखाली सुती दोरा सरकवायचा, ऐकायचं,
पुन्हा तासायची, केसभर.
जास्त उतार दिला की तार मुकी,
कमी दिला की नुसती खरखर, उंदीर पोतं कुरतडतो तशी.
मधे कुठंतरी ती होती.
बाराव्या दिवशी संध्याकाळी समोरचा हबीबभाई
चहाची गाळणी हातात धरून तसाच थांबला.
मी वर पाहिलं. माशी आली होती.

पैसे घेतले नाहीत. पर्बता आठवडाभर बोलली नाही, ते वेगळं.

आता कंपन्यांकडे कीबोर्ड आहेत,
त्यात सितारही आहे म्हणतात, बटणावर, घासूनपुसून.
आणि मी गिऱ्हाइकाला आधी विचारतो,
यातला कोणता आवाज काढू, कोणता राहू देऊ?
परवा एका बाईंना मिक्सरबद्दल विचारलं.
त्या मिक्सर घेऊन निघून गेल्या.

सितार इथंच आहे, खिळ्याला. वारलूजींच्या मुलानं आणून दिली,
"घरी कोनाले वाजवता येत नाही" म्हणून.
बल्लारशाची पॅसेंजर फाटकातून जाते
तेव्हा त्या बारक्या तारा आपापल्या बोलून घेतात.
तेरांतल्या दहा.
तीन तुटल्या आहेत. त्या नंबरची तार गोंदियाला मिळते.
जाईन जाईन म्हणतो.